ज्या वर्षी राब पेटला नाही

उपग्रहाबद्दल मुलांशी चार शब्द बोला म्हणून शाळावाले बोलावतात, तेव्हा मी सरळ नाही म्हणते. हवामानाच्या कामात आयुष्य काढलेली, इथलीच, निवृत्त बाई. त्यांना वाटतं, ही आनंदाने येईल. नाही म्हटलं की शिष्ट म्हणतात. म्हणोत. तिथे उभं राहून मला जे बोलता येईल ते विज्ञानदिनाला चालणारं नाही, आणि जे चालेल ते माझ्या तोंडून निघणार नाही. उपग्रह खोटा नाही. तो पाऊस सांगतो, वादळ सांगतो, त्याच्यामुळे होड्या वेळेवर बंदरात येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी त्याचं नाव काढलं की माझं डोकं तडकतं, आणि ते का तडकतं हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, तीही हंगामी. दर काही महिन्यांनी घरी बसायचं आणि पुन्हा अर्ज करायचा. वाडीतली बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी म्हणून माझं कौतुक होतं, पण कौतुकाने कोणी कायम होत नाही. आमचं गाव पालीहून आत. एसटीतून उतरून तासभर चालायचं, त्यातला निम्मा रस्ता सड्यावरून. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळाचं पठार. पावसात त्याच्यावर गवत उगवतं, दिवाळीनंतर ते कापून नेलं की काळा दगड उघडा पडतो आणि एप्रिलात त्याच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. सड्याच्या मावळतीला, उतारावर गाव. उगवतीला, खोलगटात, आमची बौद्धवाडी. अकरा घरं.

वाडी उगवतीलाच का, ते सांगितलं पाहिजे. जुन्या लोकांनी गाव वसवताना वारा बघितला होता. आमच्याकडे वर्षातला बहुतेक वेळ वारा समुद्राकडून येतो. तो गावावरून आमच्याकडे यावा, आमच्यावरून गावाकडे जाऊ नये, म्हणून आम्हांला पलीकडे ठेवलं. पण उन्हाळ्यात सकाळी वारा उलटा असतो. रात्रभर गार झालेली हवा घाटाकडून समुद्राकडे उतरते, ती नऊ-दहा वाजेपर्यंत. तेवढा वेळ आमच्या चुलींचा धूर सडा ओलांडून गावाकडे जायचा. तेवढं गावाने चालवून घेतलं होतं. पुढे जे झालं ते या सकाळच्या वाऱ्यावरून झालं.

त्या वर्षी फेब्रुवारीत कॉलेजात एक साहेब आला. लांबच्या एका मोठ्या सरकारी संस्थेतला, मूळचा पुण्याकडचा. समोर मी त्याला अहो-जाहोच केलं. इथे करणार नाही. त्याला असा सडा हवा होता की जो मोठा आहे, सपाट आहे, उघडा आहे आणि ज्याच्यावर कोणी काही करत नाही. नकाशावर बोट फिरवत फिरवत तो आमच्या सड्यावर येऊन थांबला होता. कॉलेजात कोणीतरी त्याला सांगितलं, ही मुलगी तिथलीच आहे.

प्राचार्यांच्या टेबलावर सत्काराचा नारळ पडला होता. तो त्याने हातात घेतला.

"हे बघा, काही उपग्रह विषुववृत्ताच्या वर एकाच जागी असतात. ते फार लांबून बघतात. आमचा असा जाईल." त्याने शेंडीपासून खाली आणि खालून पुन्हा शेंडीपर्यंत बोट फिरवलं. "उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, परत उत्तर ध्रुव. खाली पृथ्वी फिरत असते, म्हणजे दर फेरीला नवा पट्टा. दिवसातून दोनदा सगळी पृथ्वी बघून होते, आणि जवळून."

असे उपग्रह तेव्हाही फिरत होते, पण ते जुने झाले होते. आता नव्या पिढीचे करायचे होते आणि त्यांच्यावर जमिनीची, समुद्राची उष्णता मोजणारा नवा कॅमेरा बसवायचा होता. अर्ध्या अंशाचा फरक ओळखणारा. समुद्र अर्ध्या अंशाने तापला हे आधी कळलं तर वादळ आधी कळेल, असं तो म्हणाला. त्या कॅमेऱ्याचा एक नमुना तयार होता. तो वर पाठवण्याआधी लहान विमानात बसवून उडवायचा. सकाळी साडेसातच्या सुमाराला जुना उपग्रह डोक्यावरून जाईल, त्याच वेळी खालून विमान जाईल, आणि त्याच मिनिटाला जमिनीवर कोणीतरी कातळाचं तापमान मोजेल. तिन्ही आकडे जुळले तर कॅमेरा खरा. जमिनीवरचं ते कोणीतरी मी.

"एकदा हे जमलं की इथे कायमचं केंद्र होणार," तो म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं लागतीलच आम्हांला."

कायमचं हा शब्द मी त्या दिवशी एसटीतून घरी घेऊन गेले. वडील मुंबईला गोदीत कामाला होते. घरी आई एकटी. तिला मी नारळावर बोट फिरवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरा हाय. सडा कायतरी कामाला आला."

काम मला आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कातळावर चुन्याने खुणा करून पंचवीस जागा ठरवल्या होत्या. पहाटे उठून सड्यावर जायचं, दगडाला तारेचं टोक चिकटवून तापमान घ्यायचं, ओल्या फडक्याच्या तापमापकाने हवा किती दमट आहे ते बघायचं, वहीत लिहायचं, की पुढची खूण. माझी अक्षरं ठळक, आकडे सरळ. साहेब वही बघून म्हणायचा, "वा." मला बरं वाटायचं. एकदा त्याने जुन्या उपग्रहाचं एक चित्र दाखवलं. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण एक किलोमीटर. आमची घरं, शेतं, विहीर आणि विहार मिळून तो एक ठिपकाही भरत नव्हता. मी हसले होते तेव्हा.

मार्चमध्ये सरावाच्या तिसऱ्या का चौथ्या सकाळी सड्यावर धूर आला. दाट, पांढरा, शेणाच्या वासाचा. साहेब खोकत उभा राहिला.

"हे काय जाळतायत?"

"राब."

"म्हणजे?"

बी.एस्सी. झालेली मी, मला त्याला राब समजावून सांगावा लागला. भाताचं बी आम्ही थेट खाचरात पेरत नाही. आधी एका तुकड्यात रोपं करायची. त्यांना तरवा म्हणतात. पाऊस लागला की तो उपटून खाचरांत लावायचा. ज्या तुकड्यात तरवा करायचा त्याच्यावर उन्हाळ्यात झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टाळ, शेण, पातेरा म्हणजे सुका पालापाचोळा आणि वर माती असे थर घालून ते पेटवायचं. हीच भाजावळ. जमीन भाजली की तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, तरवा जोमाने येतो. भाजावळ चुकली तर तण आणि तरवा एकत्र उगवतो आणि तणच जिंकतं. आणि ती सकाळीच करायची, कारण दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की आग बांध ओलांडून काजूत शिरते.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण हे जाळणं पुढे ढकलता येईल ना? आग आणि धूर असेल तर माझा ठिपकाच बिघडतो."

माझा ठिपका म्हणाला तो.

दोन दिवसांनी ग्रामपंचायतीत बैठक झाली. साहेब, सरपंच आणि मी. सरपंच गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरचा. साहेबाने टेबलावर नकाशा पसरून वाऱ्याचा बाण काढला आणि सांगितलं की सड्याच्या उगवतीची शेतं तेवढी विमान येईपर्यंत पेटवायची नाहीत. मावळतीच्या शेतांचा धूर पलीकडे जातो, त्यांची काही अडचण नाही. सरपंचाने नकाशा नीट बघितलासुद्धा नाही. त्याची शेतं मावळतीला होती.

"देशाचं काम हाय," तो म्हणाला. "आमचा गाव मागं नाय राहायचा."

लगेच सही करून मोकळा झाला. देशाच्या कामाला त्याच्या घरची एक काडीही थांबणार नव्हती. साहेब म्हणायचा, वारा काही माणूस बघून वाहत नाही. कबूल. पण वाऱ्याच्या त्या टोकाला आम्ही आपणहून जाऊन बसलो नव्हतो. हे मी त्या टेबलापाशी म्हणायला हवं होतं. मी नकाशाची घडी घालून दिली.

कागदावर वाडीतल्या अकरा घरांच्या सह्या आणि अंगठे घ्यायचे होते. ते मी घेतले. घरोघर फिरून, वादळाचं सांगून, पावसाचं सांगून, पुढच्या पिढीचं सांगून. आमच्या शेजारच्या काकीने अंगठा उठवताना विचारलं, "इमान कवा येताय?" मी म्हटलं, पाडव्यानंतरच्या आठवड्यात. "मग काय, तवर थांबू की." काकीचा एक तुकडा तेवढा आधीच भाजून झाला होता, बाकीचे सगळे वाडीचे राब टाळ-पातेरा रचून तयार होते. सगळे थांबले ते माझ्याकडे बघून. आपली पोरगी आपलं वाईट करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

आईने सही केली नाही. तिला सही येत होती, वडिलांनी शिकवली होती. ती म्हणाली, "कागूद नको. तू सांगितलास, मी थांबले."

तिचं थांबणं म्हणजे काय होतं ते मला ठाऊक होतं. ज्याचा तरवा बिघडतो त्याला ज्याच्याकडे उरतो त्याच्याकडे जावं लागतं, आणि दर वर्षी तरवा उरायचा तो एकाच घरी, सरपंचाच्या. आई लग्न होऊन आली तेव्हा आमच्या लोकांना त्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन उभं राहावं लागायचं. पडवीवरून टाकतील ते उचलायचं. नवी नवरी असताना ती सासूबरोबर तशी उभी राहिली होती. वर्षभरात वाडीने धर्म बदलला, मेलेली गुरं ओढणं सोडलं, वाजवणं सोडलं आणि त्या खळ्यात जाणंही सोडलं. गावाने त्यावर विहीर बंद केली, वाट बंद केली, पण वाडी मागे फिरली नाही. तेव्हापासून आई त्या खळ्यात गेली नव्हती. तापाने फणफणलेली असतानाही राबाचा टाळ तिने स्वतः वाहिला होता. आमचा राब चांगला भाजला की वर्षभर कोणाच्या दारात जायला नको, हे ती दर उन्हाळ्यात बोलून दाखवायची आणि मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता.

पाडवा झाला. विमान आलं नाही. त्यात काही दुरुस्ती निघाली, असा निरोप पालीच्या पोस्टात फोनवर मिळाला. दुसरी तारीख एप्रिलच्या मध्याची ठरली. त्या वेळी विमान दुसऱ्याच कोणत्या कामावर गेलं. तिसरी तारीख एप्रिलच्या अखेरची, ती का हुकली ते कोणी सांगितलंही नाही. दर वेळी मी पालीला चालत जायची, पोस्टमास्तरांच्या टेबलाशी उभी राहून फोन घ्यायची आणि परत येऊन अकरा घरांना सांगायची. पहिल्यांदा लोकांनी चहा दिला. तिसऱ्यांदा काकीने दारातूनच विचारलं, "आता कवा?" आणि उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

मावळतीला गावाची भाजावळ केव्हाच उरकली होती. त्यांचे राब काळेभोर दिसत होते. आमचे मात्र रचलेले, सुकून फुसफुशीत झालेले, तसेच.

मेच्या मध्यावर साहेब स्वतः येऊन गावात मुक्कामाला राहिला. विमान उद्या सकाळी येणार, नक्की, असं त्याने शपथेवर सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडलेली होती. घाटाच्या बाजूला ढगांचे ढीग चढायला लागले. मी वहीत दमटपणा लिहिला तेव्हाच मला कळलं होतं काय होणार ते. मला त्याचंच शिक्षण होतं.

सड्यावरून खाली आले तर आई आमच्या राबाच्या बांधावर उभी. हातात खापरी, खापरीत निखारे. वाडीतले पाच-सहा जण मागे.

"आज पेटवूया," ती म्हणाली. "सांजेला पडंल पाऊस. भिजला तर गेला."

"आये, एकच दिवस. उद्या विमान येतंय."

"तीन डाव येऊन ग्येला तुजा इमान."

"ह्या वेळी नक्की आहे. साहेब स्वतः आलाय."

"सायबाला शेत हाय का?" मागून कोणीतरी म्हणालं.

मी चिडले. कशावर चिडले हे आज मला स्वच्छ दिसतं. ती बरोबर होती आणि मला ते माहीत होतं, म्हणून चिडले. मी आईला म्हटलं, तुम्हां लोकांना कधी पुढे जायचंच नाही, जन्मभर शेण आणि पातेरा. तुम्हां लोकांना, असं म्हटलं मी, स्वतःच्या आईला, माझ्यासाठी टाळ वाहून हात सोलवटलेल्या बाईला. पेटवलंत तर माझी नोकरी गेली म्हणून समजा, असंही म्हटलं. आई खापरी घेऊन खाली वाकली. तेव्हा माझ्या खांद्याला तापमापकाचं फडकं भिजवायची पाण्याची बाटली होती. ती उघडून मी निखाऱ्यांवर ओतली.

खापरी चर्र वाजली आणि वाफ आईच्या तोंडावर गेली. तिने तोंड पुसलं, खापरीतलं काळं पाणी बांधाच्या बाहेर टाकलं आणि घरी गेली. बाकीचेही गेले. माझ्या सांगण्यावरून नव्हे; ती गेली म्हणून गेले.

संध्याकाळी वळीव कोसळला. गारा नव्हत्या, वारा फार नव्हता, नुसतं पाणी. सकाळी सगळे राब चिंब होते, थराथरातून पाणी गळत होतं.

आणि विमान आलं. बरोबर साडेसाताला, दक्षिणेकडून. ढगांत मोठी फट पडली होती, साहेबाचं नशीब म्हणायचं. लहानसं, पांढरं विमान सड्यावरून एकदा गेलं, वळलं, परत एकदा गेलं आणि दिसेनासं झालं. मी पंचवीस खुणांवर धावत फिरून तापमान घेतलं. आकडे सरळ आले. साहेब ओल्या कातळावर लहान पोरासारखा नाचायचाच बाकी होता.

"उलट बरं झालं!" तो म्हणाला. "कोरड्या दगडाचं मोजमाप कुठेही मिळतं. भिजलेल्या कातळाचं असं मोजमाप क्वचितच कोणाला मिळालं असेल."

मी त्याला राबाचं सांगितलं. अकरा घरांचे राब भिजले, आता ते भाजणार नाहीत.

"अरेरे," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्याने क्षणभर खोलगटाकडे बघितलंसुद्धा. "पण दोन-चार दिवस ऊन पडलं की वाळेल ना ते?" मग माझ्या हातातून वही घेऊन तो आकडे वाचायला लागला. दुपारच्या एसटीने तो गेला. तो माणूस वाईट नव्हता, असं मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मला त्या सांगण्याचा काही उपयोग झालेला नाही.

ऊन पडलं, पण सलग दोन दिवस कधीच नाही. दर तिसऱ्या दिवशी सर यायची. वाडीने वरवरचा पातेरा उकरून वाळवला, रॉकेल शिंपडलं, पेटवून बघितलं. वरचा थर जळायचा आणि खाली नुसता धूर कोंडायचा. जमीन तापलीच नाही. तो धूर सकाळच्या वाऱ्याबरोबर सड्यावरून गावाकडे जायचा आणि आता त्याने कोणाचाही ठिपका बिघडत नव्हता. आई रोज सकाळी फुंकणी घेऊन जायची आणि लाल डोळ्यांनी परत यायची. माझ्याशी ती बोलत होती, म्हणजे पाणी आण, दिवा लाव, एवढं. खापरीबद्दल एक शब्द नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढ्यासाठीच ती देत नव्हती असं माझं मत होतं.

जूनमध्ये पेरलं. तरवा उगवला तो पिवळा, करंगळीएवढा, आणि त्याच्या दुप्पट उंचीचं तण. काकीचा आधी भाजून झालेला तेवढा एक तुकडा हिरवागार होता, पण तो तिच्या निम्म्या खाचरालाही पुरणारा नव्हता. आषाढ लागला, गावाची लावणी अर्ध्यावर आली, आमची खाचरं नांगरून चिखल करून नुसती पाण्याने भरून राहिली. वाडीत कोणी उघड काही म्हणत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मग आमच्या घराकडे.

मी कॉलेजातून रजा घेऊन घरी आले होते. एका सकाळी, आईला न सांगता, डोक्यावर पोतं घेतलं आणि सडा ओलांडून गावात उतरले. सरपंचाच्या खळ्यात जाऊन उभी राहिले. पाऊस होता. पडवीवर सरपंचाची बायको होती, तिने बघितलं आणि आत गेली. नंतर सरपंच बाहेर आला.

"काय गो? इमानवाली ना तू?"

"तरवा हवा होता. वाडीला."

"आमची लावणी होऊ दे. उरला तर बगू."

"केव्हा येऊ?"

"उबी राहा की. गड्यांना इचारतो."

मला उभं ठेवून तो जेवायला बसला. किती वेळ ते मी सांगत नाही. पडवीवर बाकडं होतं, वर कौलं होती, बी.एस्सी. झालेली आणि सरकारी साहेबाबरोबर त्याच्याच पंचायतीच्या टेबलाला बसलेली मी खळ्यात भिजत होते, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मला वाटलं निघून जावं. अकरा घरांची रिकामी खाचरं डोळ्यांपुढे आली आणि मी गेले नाही. शेवटी सरपंचाच्या बायकोने पडवीच्या कडेला येऊन तरव्याच्या जुड्या खाली टाकायला सुरुवात केली. पायरी उतरली नाही. एक एक जुडी चिखलात पडत होती आणि मी वाकून उचलत होते. "पुरं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अजून." तिने अजून टाकल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी पाच खेपा केल्या.

वाडीची बहुतेक खाचरं लागतील एवढा तरवा झाला. उशिराचा, वाढून गेलेला, पण भाजलेल्या राबातला. लोकांनी तो घेतला आणि कोणी काही विचारलं नाही. आईने विचारलं.

"कुठनं आणलास?"

मी सांगितलं.

"उबी राह्यलीस?"

"हो."

ती चुलीपुढे बसली होती. तिने लाकडं आत-बाहेर केली. "सासू, मी, आन आता तू," एवढं म्हणाली.

आमच्या वाटणीच्या जुड्या दारात तशाच पडून राहिल्या. दोन दिवस तिने त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मीच उठले, जुड्या घेऊन आमच्या खाचरात उतरले आणि एकटीने लावणी केली. मला सवय राहिली नव्हती, ओळी वाकड्या आल्या, कंबर मोडून गेली. दुपारपर्यंत अख्खं खाचर हिरवं केलं. वाटलं, आता लागलेला तरवा काही ती उपटणार नाही. भाताच्या रोपाला लाथ लागली तरी पाया पडणारी बाई ती.

जेवून परत आले तर आई खाचरात होती. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, इरलं पाठीवर घेऊन, वाकलेली. मी लावलेली रोपं ती उपटत होती. रागाने नव्हे. एक एक रोप मुळाशी दोन बोटांनी धरून, चिखल सैल करून, अलगद. मुळं पाण्यात धुऊन घ्यायची, मूठ भरली की जुडी बांधायची आणि बांधावर ठेवायची. बांधावर काकी उभी होती, तिचं वरचं एक खाचर अजून रिकामं होतं. जुड्या तिच्याकडे जात होत्या.

"आये, नको," मी म्हटलं. "अगं, खाणार काय आपण?"

तिने मान वर केली नाही. "मी जाईन दुसऱ्याच्या लावणीला. तू रत्नांग्रीस जा. तुजी रजा संपली."

मी पाण्यात उतरले आणि तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, तोही अलगद, कारण त्या हातात रोपं होती. मग पुन्हा वाकली. मी लावायला अर्धा दिवस घेतला होता. तिला उपटायला तिन्हीसांजा झाल्या. एकही रोप तिने मोडू दिलं नाही. शेवटची जुडी काकीला देऊन ती बांधावर चढली, पाय धुतले आणि घराकडे निघाली. खाचरात नुसतं पाणी राहिलं. वर्षभर खाचर तसंच रिकामं ठेवलं तिने, आणि त्यानंतर जन्मभर माझ्या हातचं काम तिने आपल्या शेतात घेतलं नाही.